गडग्यावरून पडलेला मुलगा : कोपराच्या मोडीचं एक प्रकरण

मुलगा 6 वर्षांचा, वजन 18 किलो, उजव्या हाताने काम करणारा. मे महिन्याच्या सुट्टीत कोकणात आजोळी आलेला. सकाळी साडेअकराच्या सुमारास घरामागच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, चढला, वरचा जांभा दगड हलला आणि तो चार फुटांवरून डाव्या हातावर पडला. पडताना हात पुढे, तळवा जमिनीला, कोपर ताठ.

हे कुणा एका मुलाचं नाव झाकून लिहिलेलं टिपण नाही. उन्हाळी सुट्टीत अशी मुलं जिल्ह्याच्या रुग्णालयांत येतात, त्यांच्याबाबत जे घडतं ते एका मुलावर मांडून लिहिलेलं नमुना प्रकरण आहे. वेळा, अंतरं आणि मोजमापं अशा केसमध्ये असतात तशी धरली आहेत.

साडेअकरा ते पाच

पडल्यावर पाच मिनिटांत कोपर सुजलं. आजीने आंबेहळदीचा लेप लावला. शेजाऱ्यांनी तीन किलोमीटरवरच्या हाडवैद्याचं नाव सांगितलं. सोनोग्राफीपासून सी-आर्मपर्यंत (ऑपरेशन चालू असताना पडद्यावर एक्स-रे दाखवणारं यंत्र) सगळं असलेलं रुग्णालय घाटरस्त्याने दोन तासांवर, आणि हाडवैद्य दुचाकीवर दहा मिनिटांत. अशा वेळी घरचे काय निवडतात ते सांगायला नको.

हाडवैद्याने हात चाचपला, ‘निखळलाय’ म्हणाला, एक झटका दिला. मग औषधाचा लेप, त्यावर कापूस, बाजूंनी बांबूच्या सहा कामट्या, आणि दंडाच्या मध्यापासून मनगटाच्या थोडं वरपर्यंत कापडी पट्टी गोल गोल गुंडाळून कोपर काटकोनापेक्षाही जास्त दुमडून गळ्यात अडकवलं. वेळ पाऊण वाजता.

मुळात निदानच चुकलं होतं. या वयात कोपर निखळणं फार क्वचित घडतं. पडल्यावर कोपर सुजून वेडंवाकडं दिसत असेल, तर ती बहुतेक वेळा मोड असते. आणि मुलांच्या कोपरातल्या मोडींपैकी निम्म्याहून जास्त एकाच जागी होतात : दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाशी, सांध्याच्या जरा वर. डॉक्टर तिला सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चर म्हणतात. साधारण 5 ते 7 वर्षांच्या मुलांत ती सगळ्यात जास्त, आणि डाव्या हाताची उजव्यापेक्षा जास्त.

जागा ठरलेली का, हे हाडाच्या घडणीत आहे. कोपर सरळ केल्यावर मागचं टोकदार हाड, ज्यावर आपण टेबलाशी टेकतो ते, दंडाच्या हाडातल्या मागच्या खोबणीत जाऊन बसतं. समोरून तशीच दुसरी खोबण. दोन्हींच्या मधे हाड जेमतेम पापुद्र्याएवढं. त्यातून या वयाच्या मुलांचे सांधे सैल, त्यांचं कोपर सरळ होऊन थांबत नाही, थोडं उलटं मागे जातं. ताठ हातावर सगळं वजन आलं की ते मागचं टोक खोबणीत पहारीसारखं अडकतं आणि पापुद्र्याच्या जागीच हाड उचकटतं. खालचा तुकडा मागे सरकतो. वरच्या तुकड्याचं धारदार टोक पुढे येतं, आणि नेमकी तिथूनच हाताला रक्त देणारी मुख्य धमनी आणि मधली नस खाली उतरतात.

आता हाडवैद्याच्या तीन गोष्टी या चित्रावर ठेवून बघा. झटका दिला, म्हणजे धारदार टोक धमनी-नसेजवळ आणखी फिरवलं. गोल पट्टी बांधली, म्हणजे पुढचे 24 ते 48 तास वाढणाऱ्या सुजेला बाहेर पडायची वाट ठेवली नाही. आणि सुजलेलं कोपर काटकोनाच्या पुढे दुमडलं, म्हणजे आधीच ताणलेली धमनी घडीत दाबली. तिन्हींत सगळ्यात घातक दुसरी. मोडीमुळे हात जाण्याची वेळ क्वचित येते, आवळलेल्या बांधणीमुळे ती येऊ शकते, आणि ही दुसरी गोष्ट पूर्णपणे माणसाच्या हातातली आहे.

दुपारी मुलगा थोडा वेळ झोपला. साडेतीनला त्याला चहा-बिस्किटं दिली. त्यानंतर रड सुरू झाली ती थांबेना. बोटं टपोरी झाली होती आणि नखं निळसर. आजी म्हणाली, ‘‘हाड बसतंय रे, म्हणून दुखतंय. रात्रीपर्यंत कमी होईल.’’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि ते धोक्याचं आहे. हाड स्थिर बांधलं गेलं असेल तर दुखणं तासागणिक कमी व्हायला हवं. बांधल्यानंतर वाढत जाणारं दुखणं म्हणजे आत दाब वाढतो आहे. मामाने नखं बघितली, बोटं हाताला गार लागली, आणि त्याने रिक्षा काढली.

ग्रामीण रुग्णालयातले पहिले दहा मिनिट

पाच वाजून दहा मिनिटांनी मुलगा ग्रामीण रुग्णालयात पोचला. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने एक्स-रेला पाठवलं नाही, आधी कात्री मागवली. या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच.

बांधणी कापताना एक गोष्ट हमखास राहून जाते. वरची पट्टी कापली की सगळ्यांना हायसं वाटतं, पण आतला लेप लावलेला कापूस वाळून पुठ्ठ्यासारखा कडक झालेला असतो आणि तोही गोल असतो. तोसुद्धा दंडापासून मनगटापर्यंत सलग, कातडी दिसेपर्यंत कापावा लागतो. कात्रीचं बोथट टोक कातडीच्या बाजूला ठेवून बाहेरच्या अंगाने कापत गेलं, की कोपराच्या पुढच्या सुजेला धक्का लागत नाही. कापून झाल्यावर कोपर हळूच उलगडून साधारण 30 अंशांच्या वाकात आणलं. पूर्ण सरळ केलं नाही. ओढून सरळ केलं तर वरच्या तुकड्याचं टोक पुन्हा धमनीवर चढतं.

नखावर दाब देऊन सोडलं की रंग परत यायला लागणारा वेळ मोजायचा, हे त्यांनी दोनदा केलं. कापण्याआधी 5 सेकंद, दहा मिनिटांनी 2 सेकंद. बोटं गुलाबी झाली, ऊब आली. मनगटातली नाडी मात्र लागेना. ही चारही निरीक्षणं वेळेसकट चिठ्ठीवर लिहिली गेली. पुढच्या डॉक्टरला हात ‘सुधारतोय की बिघडतोय’ हे कळायचा तेवढाच मार्ग असतो, म्हणून अशी चिठ्ठी एक्स-रेच्या फिल्मइतकीच जपून पाठवावी.

मग आहे त्या स्थितीत, हात न पिरगाळता, समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे. शिरेतून पॅरासिटामॉल 15 मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे 270 मिग्रॅ, पंधरा मिनिटांत. बगलेखालून बोटांच्या मुळांपर्यंत मागच्या बाजूने 8-10 थरांची स्लॅब, खाली भरपूर सुती रोल, वरून सैल क्रेप. स्लॅब म्हणजे अर्धं प्लास्टर. ती मागून आधार देते, समोरची बाजू सुजेला मोकळी राहते. बोटांची टोकं उघडी. हात उशीवर, छातीच्या उंचीला. खूप वर टांगला नाही, कारण ज्या हाताचा रक्तपुरवठा आधीच कमी आहे तो उंच टांगला तर आणखी कमी पोचतं.

तोंडाने काही द्यायचं नाही हे मामाला बजावून सांगितलं आणि चिठ्ठीवर ‘शेवटचं खाणं : दुपारी 3.30, चहा-बिस्किट’ असं लिहिलं. 108 ला फोन झाला, जिल्ह्याच्या रुग्णालयालाही. तिथे सी-आर्म चालू आहे आणि भूलतज्ज्ञ हजर आहेत याची खात्री करूनच गाडी निघाली. ही खात्री न करता पाठवलेली मुलं रात्री दुसऱ्या गाडीतून तिसऱ्या गावाला जातात.

दगड, कागद, कात्री आणि गोल

साडेआठला मुलगा पोचला. दमलेला, घाबरलेला, अनोळखी माणसाला हात लावू देणार नाही असा. अशा मुलाच्या तीन नसा तपासायच्या तर ‘मनगट वर कर, बोटं फाक’ वगैरे हुकूम चालत नाहीत. स्टोन-पेपर-सिझर मात्र शाळेत जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाला येतं.

‘‘बाळा, स्टोन दाखव बघू. मूठ कर.’’ मूठ आली, अर्धवट, पण आली : मधली नस मुख्यतः चालू. ‘‘आता पेपर.’’ बोटं आणि मनगट वर आलं : मागची, रेडियल नस ठीक. ‘‘सिझर.’’ दोन बोटं फाकली : आतल्या अंगाची अल्नार नस ठीक. ‘‘आता अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल कर, चष्म्याच्या काचेसारखं.’’ गोल होईना. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकली, पण टोकाची पेरं वाकली नाहीत. गोल लांबट, बदामासारखा झाला.

मधल्या नसेची एक खोल फांदी अंगठ्याचं आणि तर्जनीचं शेवटचं पेर वाकवते. खालचा तुकडा मागे सरकलेल्या मोडीत इजा होणारी पहिली नस हीच. तिला कातडीची संवेदना नाही, म्हणून टोचून तपासणाऱ्याला काहीच सापडत नाही, आणि ही कमतरता ऑपरेशननंतर पहिल्यांदा लक्षात येते. मग ‘तुम्ही तार घालताना नस तोडली’ असा वाद होतो. भूल देण्याआधी हा गोल करून घेणं आणि निकाल लिहून ठेवणं मुलाच्या आणि डॉक्टरच्या, दोघांच्याही हिताचं. एरवीच्या मापाने बघितलं तर सरकलेल्या मोडींत दहातल्या एका मुलाला तरी कुठली ना कुठली नस दुखावलेली असते, आणि त्यातल्या बहुतेक आपोआप बऱ्या होतात.

पुढची तपासणी दाबाची. हाताच्या पुढच्या भागातले, म्हणजे कोपर ते मनगट या हाताच्या पोटरीतले, स्नायू घट्ट आवरणाच्या कप्प्यांत असतात. कप्प्यात सूज वाढली की आधी शिरा दबतात, रक्त परत जाईना म्हणून सूज आणखी वाढते, मग केशवाहिन्या बंद. धमनीची नाडी लागत असतानाही स्नायू आतून मरू शकतो. मोठ्या माणसाला ‘दुखणं किती, दहापैकी’ असं विचारता येतं. मुलांत तीन गोष्टी बघायच्या : अस्वस्थपणा, समजूत न पटणारी रड, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त वेदनाशामक लागणं. शिवाय डॉक्टरने हळूच बोट सरळ केलं तर हाताच्या पोटरीत कळ येते का. या मुलाला कळ आली, ‘‘नको काका, बोट नको,’’ म्हणाला. पण हाताच्या पोटरीला हात लावल्यावर ती मऊ होती. बांधणी सुटून साडेतीन तास झाले होते आणि दुखणं संध्याकाळपेक्षा कमी होतं. म्हणून कप्पे उघडण्याची शस्त्रक्रिया लगेच नको, पण तासातासाला हीच तपासणी, असं ठरलं.

मनगटाचा एक्स-रे वेगळा काढला. कोपर मोडलं त्याच हाताचं मनगटही मोडलेलं असण्याची शक्यता असते, आणि दोन्ही मोडी असतील तर कप्प्यातला दाब वाढण्याचा धोका बराच वाढतो. इथे मनगट शाबूत होतं.

एक्स-रेवर वाचायची पहिली रेघ म्हणजे दंडाच्या हाडाच्या पुढच्या कडेवरून खाली ओढलेली सरळ रेघ. बाजूच्या चित्रात ती खालच्या गोल टोकाच्या मध्यातून जायला हवी. सौम्य मोडीत ती मध्याच्या पुढून जाते. इथे रेघेच्या वाटेत गोल टोकच नव्हतं. खालचा तुकडा पूर्ण सुटून मागे आणि बाहेरच्या बाजूला गेला होता. गार्टलँडने 1959 साली केलेल्या वर्गवारीत ही तिसरी पायरी : पहिलीत मोड सरकलेली नसते, दुसरीत मागचं साल, म्हणजे हाडाचा बाहेरचा कडक थर, शाबूत राहून हाड बिजागरीसारखं झुकतं, तिसरीत दोन्ही सालं तुटतात. पहिलीला स्लॅब पुरते. तिसरीला हाड धरून ठेवायला तारा लागतात. तुकडा बाहेरच्या बाजूला गेला, म्हणजे वरच्या तुकड्याचं टोक पुढे आणि आतल्या अंगाला आलं. धमनी आणि मधली नस तिथेच. नाडी न लागणं आणि गोल न होणं, दोन्हीचं उत्तर एका चित्रात मिळालं.

रात्रीच ऑपरेशन का

नाडी लागते, बोटं ठीक आहेत, अशी तिसऱ्या पायरीची मोड सकाळपर्यंत थांबू शकते. थकलेल्या हातांनी रात्री दोनला केलेल्या कामापेक्षा सकाळी आठचं काम चांगलं. हात पांढराफटक आणि गार असेल तर तासभरही थांबायचं नाही. मधली स्थिती या मुलाची : हात गुलाबी आणि उबदार, पण नाडी नाही. कडेच्या वाहिन्या हात जगवत असतात, मुख्य धमनी तुकड्यावर ताणलेली किंवा आकसलेली असते. त्यात साडेचार तासांची आवळलेली बांधणी आधीच झालेली. म्हणून रात्रीच.

धमनीची अँजिओग्राफी करून बघू या का, असं मामाने विचारलं; ओळखीतल्या कुणी तरी फोनवर सुचवलं होतं. करायची नाही. धमनी कुठे अडकली आहे ते एक्स-रेवर दिसतंच आहे, आणि तिचा पहिला उपचार हाड जागेवर आणणं हाच. तपासणीत गेलेला दीड तास फुकट जातो.

बिस्किटांना सहा तास साडेनऊला झाले. सव्वादहाला भूल दिली, कातडी छेदण्याआधी सेफाझोलिन 500 मिग्रॅ शिरेतून.

हाड बसवण्याची क्रिया जोराची नाही, क्रमाची आहे. सहायक दंड बगलेशी धरून ठेवतो. डॉक्टर कोपर 20-30 अंशांत ठेवून मनगटाकडून सावकाश, सलग ताण देतात, मिनिटभर किंवा जास्त. स्नायूंची ओढ सुटली की तुकड्याची बाजूची सरक दुरुस्त करायची, मग पीळ. वरच्या तुकड्याचं टोक पुढच्या स्नायूत काजेतल्या बटणासारखं अडकलेलं असेल, तर कोपराच्या पुढच्या भागावर कातडीला खळी पडते; तेव्हा ओढत राहण्यात अर्थ नसतो. दंडाचा स्नायू वरून खाली, गाय पिळताना पिळतात तसा हातांनी सरकवत आणावा लागतो. एक सूक्ष्म ‘टक’ लागतो आणि टोक सुटतं. शेवटी दोन्ही अंगठ्यांनी मागचं टोक पुढे ढकलत कोपर दुमडायचं. बोटं खांद्याला टेकली तर मोड बसली, असं जुने लोक सांगतात, आणि ते खरं आहे. न टेकल्यास काही तरी मधे अडकलं आहे.

सी-आर्मवर समोरून, बाजूने आणि दोन्ही तिरक्या कोनांतून बघितलं. मग कातडीतूनच, चिरा न देता, बाहेरच्या अंगाने 1.6 मिमीच्या तीन के-वायर, म्हणजे हाडात घालायच्या बारीक ताठ तारा. तारा कशा जातात यावर सगळं अवलंबून आहे. तिन्ही एकाच बिंदूतून पंख्यासारख्या निघून मोडीच्या रेघेवर जर एकत्र आल्या, तर त्या एका तारेइतकंच काम करतात आणि खालचा तुकडा तिच्याभोवती फिरतो. मोडीच्या पातळीवर त्यांच्यात अंतर हवं, हाडाच्या रुंदीचा निदान तिसरा भाग व्यापायला हवा, आणि प्रत्येक तार पलीकडच्या सालातून बाहेर आल्याचं हाताला जाणवायला हवं. सरकलेल्या मोडी पुन्हा घसरण्यामागे बहुतेक वेळा एक तार पलीकडचं साल न गाठता थांबलेली असते.

आतल्या अंगाने एक आणि बाहेरून एक अशी फुलीही घालतात. ती जास्त घट्ट बसते, पण आतल्या अंगाला अल्नार नस हाडालगत खोबणीत असते आणि लहान मुलांत कोपर दुमडलं की ती पुढे सरकते. सुजलेल्या कोपरात अंदाजाने घातलेली तार नसेत शिरू शकते. घालायचीच झाली तर आधी बाहेरच्या तारा घालून, कोपर काटकोनापेक्षा सरळ करून, छोटा छेद देऊन नस बाजूला धरून. इथे तीन बाहेरच्या तारांवर हाड डुगडुगत नव्हतं, फुलीची गरज पडली नाही.

कोपर थोडं सैल करताच पाच-सात मिनिटांत मनगटात बारीक नाडी लागली. लागली नसती आणि हात गुलाबीच राहिला असता, तर नुसती 48 तास डोळ्यात तेल घालून देखरेख. हात पांढरा पडला असता, तर समोरून कोपर उघडून धमनी मोकळी करायची, कदाचित मोडीच्या फटीत सापडलेली.

तारांची टोकं कातडीबाहेर सेंटिमीटरभर ठेवून वाकवली, खाली गॉजची घडी. कोपर 60-70 अंशांत स्लॅबमध्ये. काटकोनात नाही, तारा आहेत, त्यामुळे हाड धरून ठेवायला कोपर दुमडायची गरज उरत नाही.

पहाटे तीन

पहाटे तीनला मुलगा रडत उठला. दहाला दिलेलं औषध सहा तासांचं, चारला पुढचं. रात्रपाळीच्या सिस्टरने बोटं सरळ करून बघितली. कळ होती, संध्याकाळइतकी. अशा वेळी ‘अजून एक इंजेक्शन द्या’ हा सोपा रस्ता असतो. त्यांनी आधी डॉक्टरला उठवलं. क्रेप सोडली, खालचा सुती रोल कापला. तारांच्या छिद्रांतून झिरपलेलं रक्त त्यात वाळलं होतं आणि रोल कडक कड्यासारखा झाला होता. तो कातडीपर्यंत कापताच पंधरा मिनिटांत मुलगा झोपला. दुपारी हाडवैद्याच्या पट्टीने जे केलं, तेच रुग्णालयातल्या पांढऱ्या स्वच्छ कापसाने केलं. दाबाला कुणी बांधलं याच्याशी देणंघेणं नसतं.

कापूनही कळ कमी झाली नसती, तर कप्प्यातला दाब सुईने मोजणं आणि तो खालच्या रक्तदाबाच्या 30 मिमीच्या आत आला असेल तर ताबडतोब हाताच्या पुढच्या भागाचे कप्पे लांब छेदाने उघडणं, हाच रस्ता होता. स्नायूला रक्ताविना सुमारे सहा तास मिळतात. त्यानंतर तो मरतो, महिन्याभरात त्याचा दोरखंडासारखा चामट पट्टा होतो आणि आकसतो. मनगट वाकवलं तरच बोटं उघडतात, मनगट सरळ केलं की नख्यांसारखी मिटतात. जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी 1881 साली हे वर्णन केलं आणि कारण म्हणून आवळलेल्या बांधणीकडे बोट दाखवलं. सौम्य असेल तर स्प्लिंट आणि व्यायाम, मध्यम असेल तर स्नायूंची मुळं हाडावरून सोडवून खाली सरकवणं, गंभीर असेल तर मांडीतला स्नायू धमनी-नसेसकट आणून जोडणं. कशानेही मूळचा हात परत मिळत नाही.

म्हणूनच हाडवैद्यांविषयी इथे एवढंच म्हणायचं आहे. ते राहणार, ज्या वाडीत ते आहेत तिथे अस्थिरोगतज्ज्ञ नाही. त्यांना वाळीत टाकून मुलं रुग्णालयात लवकर येत नाहीत, उलट लपवून उशिरा येतात. सांगायचं ते थोडकं आहे : दहा वर्षांखालच्या मुलाच्या सुजलेल्या कोपराला झटका नको, गोल पट्टी नको, दुमडून अडकवणं नको. एखादी पुठ्ठ्याची फळी मागून, थोडं वाकवलेलं कोपर, सैल रुमाल, बोटं उघडी, आणि गाडी. घरच्यांना सांगायचं त्याहून थोडकं : कुणीही बांधलं असो, बोटं निळी, पांढरी, गार किंवा बधिर झाली, किंवा दुखणं वाढत गेलं, तर बांधणी तिथल्या तिथे कापा, मग निघा. कापल्याने मोड सरकेल या भीतीने थांबू नये. सरकलेली मोड पुन्हा बसवता येते.

चोवीस दिवस आणि पुढे

48 तासांनी घरी. पालकांचा खर्च जन आरोग्य योजनेत बसतो का, हे दाखल होतानाच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, विचारून शिधापत्रिका आणि आधार जमा केलं होतं. हे डिस्चार्जच्या दिवशी सुचलं तर उपयोग नसतो.

सातव्या दिवशी एक्स-रे. घसरायचं असेल तर याच आठवड्यात घसरतं आणि तेव्हाच पुन्हा बसवता येतं; तिसऱ्या आठवड्यात हाड धरू लागलेलं असतं. चोविसाव्या दिवशी नवीन हाडाची सावली दिसली आणि तारा ओपीडीतच, भूल न देता, पकडीने काढल्या. मुलं यात तार ओढण्यापेक्षा पकड बघून जास्त रडतात. एका छिद्राशी थोडी लाली होती, तार काढल्यावर दोन ड्रेसिंगमध्ये ती गेली.

स्लॅब सुटली तेव्हा कोपर 40 ते 90 अंशांत हलत होतं. आजीने खोबरेल तेल कोमट करून ठेवलंच होतं. इथे आजीला समजावायला वेळ द्यावा लागतो, कारण चोळणं हे तिच्या लेखी प्रेम आहे. कोपराच्या पुढच्या स्नायूत पडल्या दिवशीचं रक्त साकळलेलं असतं. जोराने चोळलं किंवा हात धरून ताणला, की तो स्नायू पुन्हा फाटतो आणि तिथे चक्क हाड तयार होऊ शकतं. मग कोपर कायमचं आखडतं. तेल लावायचंच तर तळव्याला आणि खांद्याला लावा, कोपर सोडून. व्यायाम म्हणजे मुलाने स्वतः आंघोळीच्या बादलीत हात घालून वाकवणं-सरळ करणं, जेवताना डाव्या हाताने वाटी धरणं, बहिणीशी पत्ते खेळणं. विटांचं वजन अडकवून हात सरळ करण्याचा प्रकार अजूनही चालतो, तो नको. झाडं, गडगे, सायकल पुढचे सहा-आठ आठवडे बंद.

दहाव्या आठवड्यात अंगठा आणि तर्जनीचा गोल पुरता गोल झाला. झाला नसता तर तीन-चार महिन्यांनी नसेची विद्युत तपासणी, त्याआधी नाही. तिसऱ्या महिन्यात कोपर 10 ते 125 अंश, सहाव्यात सरळ आणि 135 पर्यंत.

उरलेली एक तपासणी वर्षाने. हात सरळ, तळवे समोर ठेवून उभं केलं की प्रत्येकाचा हात कोपरातून थोडा बाहेर कललेला असतो. बसवताना आतली बाजू दबलेली राहिली तर हा कोन उलटतो आणि हात बंदुकीच्या दस्त्यासारखा आत वळतो. वाढीने तो सुधारत नाही, कारण दंडाच्या हाडाची ऐंशी टक्के वाढ खांद्याच्या टोकाला होते, कोपराला फक्त वीस. मुलाला दुखत नाही, म्हणून घरच्यांना ते उशिरा दिसतं, बहुधा अर्ध्या बाह्यांच्या शर्टातल्या फोटोत. सुधारायचं तर बाहेरच्या अंगाने हाडाची पाचर काढून कोन बदलावा लागतो. या मुलाचा कोन उजवीकडे 9 अंश बाहेर भरला, डावीकडे 6. तीन अंशांचा फरक डोळ्यांना दिसत नाही. पुढे एक्स-रे काढायची गरज नाही, असं कार्डावर लिहून फाइल बंद केली.